दहावी अ चा ग्रुप आणि मी

१० जुलै २०१७, सोमवार
झालं! आजपासून मी ‘ॲडमिन’. एकतीस वर्षं याच शाळेत खडू झिजवला, आता अंगठा झिजवायचा. मुख्याध्यापकांचं फर्मान — प्रत्येक विषयाचा व्हॉट्सॲप ग्रुप हवा. गृहपाठ दुपारी त्यावर टाकायचा, उत्तरं त्यावरच घ्यायची, अंतर्गत गुण त्यावरूनच. म्हटलं, पोरांकडे फोन कुठे आहेत? तर म्हणे, ‘आईबापांकडे आहेत ना!’ संगणकाच्या सरफराज सरांनी पाच मिनिटांत ग्रुप करून दिला. ‘पाहा सर, किती सोपं हाय.’ त्यांचं काय जातंय.

११ जुलै
पहिला गृहपाठ टाकला. एक्केचाळीस पोरं. आलेली उत्तरं — अकरा सुप्रभात, चार गणपती आणि एक म्हैस. विकणे आहे म्हणे.

२ ऑगस्ट
डोकं फिरायची वेळ आली आहे. मी ‘परावर्तन म्हणजे काय’ विचारतो, पालक पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांचे फोटो टाकतात. ‘सर, हे अळी कोनती हाय?’ ‘सर, कोनतं औषध मारू?’ अहो, मी भिंग आणि आरसे शिकवतो! चुकीचं औषध सांगितलं तर पाप कोणाच्या माथी? ‘हा ग्रुप फक्त विज्ञानासाठी आहे’ असं लिहिलं. त्यावर सात जणांनी अंगठा दाखवला आणि आठव्याने पुन्हा अळी पाठवली.

२१ ऑगस्ट
पोळा. ग्रुपवर बैलांचे साठ फोटो. फोन बंद करून पुरणपोळी खाल्ली.

२४ ऑगस्ट
आज जरा चकित झालो. कपाशीचं फूल उभं चिरा, भाग ओळखा, असं सांगितलं होतं. चंदाच्या नंबरवरून उत्तर आलं. चंदा म्हणजे दुसऱ्या बाकावरची, वलगावच्या पलीकडल्या खेड्यातली. कागदावर पेन्सिलीची आकृती, नावं बरोबर. खाली लिहिलं होतं — ‘हे दुसरं फूल उमललंच नाही, पाकळ्या चिकटल्या, ही डोमकळी. आत गुलाबी अळी निघाली. हिने पुंकेसर खाल्ले तर बोंड धरेल का?’

असा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नाही. वर्गात चंदाला उभं केलं. पुंकेसर कुठला, तेही सांगता येईना! म्हणजे लिहिणारा दुसराच कोणीतरी. तिचा थोरला भाऊ विपुल अकोल्याला शेतकीचं शिकतो, नंबर त्याचाच असणार. उजेड पडला.

६ सप्टेंबर
पकडलं! मधल्या सुट्टीत गृहपाठ टाकला. दोन वाजून दहा मिनिटांनी चंदाच्या नंबरवरून उत्तर हजर. आणि त्या वेळी चंदा कुठे? माझ्यासमोर, दुसऱ्या बाकावर, जांभया देत. विचारलं, कोण लिहितं? मान खाली. ‘विपुल ना?’ ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. गुण भावाला द्यायचे का बहिणीला? संताप संताप झाला.

७ सप्टेंबर
सगळ्या वर्गासमोर तिचा नंबर ग्रुपमधून काढला. पोरगी रडली. मला वाईट वाटलं, पण शिस्त म्हणजे शिस्त. सरफराज सर म्हणाले, ‘घाई केली सर तुमी.’ यांना कोणी विचारलं होतं?

१२ सप्टेंबर
ग्रुप पुन्हा सुप्रभातवर आला. आज ‘विजेचा परिपथ काढा’ म्हटलं, तर कोणीतरी घरच्या मीटरचा फोटो टाकला. खरं सांगायचं तर दोन-दहा झाले की माझाच हात फोनकडे जातो. काही आलेलं नसतं.

१५ सप्टेंबर
शाळा सुटताना चंदाची आई आली. लीलाबाई. वेचणीवाल्या बाया बांधतात तसा डोक्याला रुमाल, पिशवीत वही. मी आधीच तयार होतो — आता ही भांडणार. पण ती हळू बोलली.

‘माही पोरगी चोर नाई सर. मीच लिहून राहिली होती. फोन माह्याजवळच रायते. लोक हासतीन, म्हनून तिले म्हटलं, सांगू नोको.’

वही उघडली. जुलैपासूनचा एकूण एक गृहपाठ. मी नुसताच फळ्याचा फोटो टाकला होता त्या दिवशी तो फळाही उतरवून घेतलेला. काढून टाकल्यानंतरचे गृहपाठसुद्धा होते, चंदाला विचारून विचारून लिहिलेले. ‘आठ दिस झाले, काईच समजून नाई राहिलं. मले परत घेता का?’

शरम वाटली. तिच्यासमोरच नंबर परत जोडला. मग म्हणाली, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे, शाळा सुटलेल्यांचा, बाहेरून दहावीला बसायचा. लेकीच्याच बरोबर, मार्चमध्ये. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो याच शाळेतून निघेल म्हणे. लग्नाआधीचं नाव भागीरथा सूर्यभान ढोरे, सासरी बदललं. शाळा सुटली ते वर्ष पंच्याण्णव.

तासभर बसली. दोन गणितं समजावून घेतली. उठताना फळ्याकडे पाहून म्हणाली, ‘अक्षर तुमचं अजून तसंच हाय.’

१६ सप्टेंबर
कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली. सापडलं. भागीरथा सूर्यभान ढोरे, दहावी अ. नोव्हेंबर १९९५. नावावर लाल शाईची रेघ. शाळा सोडण्याचे कारण — ‘सतत गैरहजर, नाव कमी केले.’ खाली वर्गशिक्षकाची सही.

माझी.

काल तासभर समोर बसली होती. त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.