संध्याचा फोन लुंबिनीहून का लागत नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
संध्या आज गेली. विहारातल्या महिला मंडळाची सहल. बोधगया, सारनाथ, लुंबिनी. बारा दिवस. लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्याशिवाय एवढ्या लांब पहिल्यांदाच. मी मुद्दाम गेलो नाही. बसचा प्रवास झेपत नाही. (मला कोणी विचारलं नव्हतं, तो भाग वेगळा. मंडळ महिलांचं आहे.)

लुंबिनी नेपाळात. म्हणजे इंटरनॅशनल रोमिंग. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलेला नवरा असताना तिला कसली काळजी? पॅक मारून दिला. कागदावर लिहून दिलं: डेटा रोमिंग चालू करणे. नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’ बंद करणे. दोन नावं येतील, वरचं निवडणे. घाबरू नये. वर लॅमिनेशन. बसपाशी सगळ्यांसमोर दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या वेळी तिला ‘ऑटोमॅटिक’ नीट म्हणता आलं नाही. मी म्हणालो, बघा, हिला एकटीला जमायचं नाय. बायका हसल्या. वातावरण खेळीमेळीचं होतं.

संकल्प: पहाटे फिरणं. पोटमाळा आवरणं. स्वयंपाक स्वतः.

५ नोव्हेंबर
बोधगयेहून फोन आला. बोधिवृक्षाखाली बसलेय म्हणाली. मागून वंदना ऐकू येत होती. मी म्हणालो, आधी बॅटरी किती टक्के ते सांग. कॉल कट झाला. गर्दीत होतं असं, टॉवरवर लोड येतो.
खिचडी केली. बुडाला लागली. वरची खाल्ली.

७ नोव्हेंबर, दुपारी ३
आज त्यांनी सीमा ओलांडली असणार. फोन नाही. मी पाच वेळा केला. रिंग जाते, उचलत नाही. रिंग जाणं म्हणजे फोन लागणं नव्हे, हे सामान्य माणसाला कळत नाही. तिनं नक्की खालचं नाव निवडलंय.

८ नोव्हेंबर
सगळ्या पायऱ्या व्हॉट्सॲपवर पाठवल्या. स्क्रीनचे फोटो, त्यावर लाल बाण. दोन्ही टिका निळ्या झाल्या. उत्तर नाही. म्हणजे डेटा पोचतो, आवाज पोचत नाही. निव्वळ तांत्रिक अडचण.
फिरायला गेलो नाही. रस्त्यात फोन आला तर गोंगाटात ऐकू येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
खालच्या मजल्यावरच्या मेघाताई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, काका, काकूंचे फोटो लई भारी. मायादेवी मंदिरापुढं मंडळातल्या गोजरबाईंच्या गळ्यात हात टाकून कशा हसतायत! कुठं पाहिले, विचारलं. स्टेटसला, म्हणाल्या.
माझ्या फोनात स्टेटस नाही. ॲप अपडेट केलं. फोन बंद करून चालू केला. तरी नाही.

१० नोव्हेंबर
शहागंजात आकाशच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. त्यानं फोन उलटासुलटा पाहिला. म्हणाला, साहेब, फोन एकदम बढिया है, काय खराबी नाय. मी त्याला रोमिंग म्हणजे काय ते मुळापासून समजावलं. मागं गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी तो हळूच म्हणाला, काकूंनी तुमच्यापुरतं स्टेटस बंद केलं असंल, तशी पण सेटिंग असती.
हल्लीच्या दुकानदारांना मूळ विद्या नाही.
घरी येऊन बूट न काढता बसलो. कारण काही नाही. नंतर काढले.

११ नोव्हेंबर
विशाखाला, म्हणजे मुलीला, नाशिकला फोन केला. म्हणालो, तुझ्या आईचं नेटवर्क गेलंय, काहीतरी करायला पाहिजे. म्हणाली, बाबा, लुंबिनीहून आई रोज बोलत होती. रविवारी तर पाऊण तास. मी विचारलं, सेटिंग काय केलं होतं? म्हणाली, तिनं काहीच केलं नव्हतं, फोननं आपलं आपण धरलं. मी बरं म्हणालो. ती म्हणाली, जेवताय ना? मी पुन्हा नुसतं ‘बरं’ म्हणालो.

१२ नोव्हेंबर
मंडळी आता भारतात आलेली आहेत. रोमिंगचा प्रश्न संपला. फोन नाही.

१३ नोव्हेंबर
पोटमाळ्यावर चढलो. उतरलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
संध्या सकाळी आली. रापलीय, पण चेहरा बरा दिसतो. आंघोळ केली, करपलेलं पातेलं भिजत घातलं. मग डाळ निवडायला बसली. मी समोर खुर्ची ओढली. विचारलं, तिकडं फोन लागत होता का? म्हणाली, व्हय, लागत होता की. मग मला का नाही केला? तिनं ताट हलवलं, खडा काढून बाजूला ठेवला. म्हणाली, काय बोलणार तुमच्याशी? तुम्ही सेटिंगचंच विचारलं असतं. मी म्हणालो, असं काही नाही. लुंबिनी कशी आहे ते विचारलं असतं, तुला कसं वाटलं ते विचारलं असतं.
ती हात थांबवून माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, मग आता विचारा.
मी खुर्ची जरा पुढं ओढली. ती वाट बघत होती.
फोननं वरचं नेटवर्क धरलं होतं की खालचं, ते विचारलं.