भाचीच्या लग्नात मीच वाजवणार

मंगळवार, ४ जून
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मांझेसे भागात बारा वर्षं एकही लग्न माझ्या स्पीकरच्या पेट्यांशिवाय झालेलं नाही, याची कुठेतरी नोंद हवी. (मागचं झालं. त्याच्या आधीचंही. पण ती घाईघाईत उरकलेली लग्नं.)

ती दोन्ही असुमिनीने वाजवली. असुमिनी म्हणजे बस थांब्यावर कसाव्याचे कंद तळून विकणारी पोरगी. असेल बावीस वर्षांची. मिक्सर नाही, कीबोर्ड नाही, हातात काच तडकलेला फोन. दोन अंगठ्यांनी त्यावर चाली बनवते आणि तिथल्या तिथे वाजवते. त्या प्रकाराला सिंगेली म्हणतात. इतकं फास्ट की माणूस नाचतोय की त्याला मुंग्या चावल्यात कळत नाही. दार-एस-सलाममधल्या बायका त्यावर वेड्या झाल्यात.

ताबू म्हणते, जळता तुम्ही. बायकोला संगीतातलं काय कळतं? मी जळत नाही. मला संगीताची काळजी वाटते.

बुधवार, ५ जून
ताईकडे गेलो. भाची झुहुराचं लग्न २९ तारखेला. म्हटलं, संगीताचं माझ्याकडे लागलं. ताई तांदूळ निवडत होती, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, शोमारी, बायका असुमिनी-असुमिनी करतायत रे. मी म्हटलं, सख्खा मामा जिवंत असताना? बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं : पहिला तास माझा. बायका उठून नाचल्या तर पुढेही मीच. नाही उठल्या तर असुमिनी. वर ताई म्हणते, आणि मग पाहुण्यांसमोर रुसून बसायचं नाही हं. मी कधी रुसलोय?

संकल्प : फोनवर संगीत शिकणे. रोज दोन तास. ती पोरगी करते ते मला आठवड्यात येईल. माझं फोन दुरुस्तीचं दुकान आहे. फोनच्या पोटात काय असतं ते मला ठाऊक, तिला नाही.

गुरुवार, ६ जून
ॲप घेतलं. दोन तास डाउनलोड होण्यातच गेले. तेही शिक्षणच.

रविवार, ९ जून
पहिली चाल तयार. ताबू अंगणातून ओरडत आली, अहो मोटर बंद करा, टाकीत पाणी नाही, जळेल ती! मोटर बंदच होती.

मंगळवार, ११ जून
दोष अंगठ्यांचा. एका ढोलाला हात लावावा तर तीन वाजतात. तिची बोटं बारीक. याला कला म्हणत नाहीत, शरीराची ठेवण म्हणतात.

शुक्रवार, १४ जून
थांब्यावर गेलो. कसावा खायला, दुसरं काही नाही. एका हाताने कढईत तुकडे सोडत होती, दुसऱ्याने वाजवत होती. भोवती वीसेक माणसं. कंडक्टर बस सोडायची विसरला. मला बघून म्हणाली, या काका, तिखट घालू ना? काका! मी एक्केचाळीसचा आहे. कसावा चांगला होता. त्याचंही वाईट वाटलं.

सोमवार, १७ जून
ईद. सणाला सराव बरा दिसत नाही.

मंगळवार, १८ जून
ईदचा थकवा.

बुधवार, १९ जून
देवाला काळजी. असुमिनी स्वतः दुकानात आली! फोन चार्ज होत नाही म्हणे. म्हटलं, किचकट काम आहे, उद्या ने. काम दहा मिनिटांचं होतं.

दुरुस्तीनंतर मेमरी तपासावी लागते, असा दुकानाचा नियम आहे. (आजपासून.) तपासता तपासता एक नवी चाल माझ्या फोनवर आली. सुरुवातीलाच तिचं नाव ओरडून घातलेलं. इथे सगळेच चालीच्या तोंडाशी आपलं नाव घालतात, कोणी उचलू नये म्हणून. मी तोंडच कापलं. दोन सेकंद लागले. पोरगी अजून कच्ची आहे.

चालीत मधूनमधून एक पक्षी चिवचिवतो. तेवढा मात्र झकास जमलाय. मला सुचायला हवा होता.

गुरुवार, २० जून
ही चोरी नाही. ढोलाचा आवाज मी थोडा वाढवलाय, म्हणजे चाल आता निम्मी माझी. उरलेली निम्मी मी इतक्या वेळा ऐकली की तीही माझीच. फोन परत दिला. म्हणाली, उपकार झाले काका. म्हटलं, त्यात काय.

मंगळवार, २५ जून
ताबूला चाल ऐकवली. भाजी ढवळायची थांबली. म्हणाली, हे तुम्ही केलंत? खरंच? लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. हो म्हणालो. ताटात माशाचा मोठा तुकडा आला.

शुक्रवार, २८ जून
आरशासमोर सराव. मान कुठे डोलवायची, डोळे कुठे मिटायचे. सगळं तयार. असुमिनी उद्या पाहुणी म्हणून येणार आहे. येऊ दे. बसू दे पहिल्या रांगेत. (तिने ओळखली तर? लग्नाच्या गोंगाटात काय ओळखणार!)

शनिवार, २९ जून
लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

सुरुवात उत्तम. चाल लावल्या लावल्या तरण्या बायका उठल्या. एकाच छापाची कांगा-वस्त्रं नेसलेल्या, सगळा मांडव हलत होता. ताईने लांबून मान हलवली. असुमिनी दाराशी उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या पुढे आली. म्हणाली, अहो मामा, आम्ही लग्नाला आलोय, शर्यतीला नाही. जरा हळू लावा की, आमच्याही गुडघ्यांना नाचू द्या. मी ऐटीत एका बोटाने वेग निम्मा केला. म्हाताऱ्याही उठल्या. म्हटलं, शोमारी, जिंकलास.

आणि पक्षी आला. निम्म्या वेगात तो पक्षी नव्हता, बाई होती. शब्द न् शब्द स्पष्ट : ही चाल असुमिनीची, चोरलीस ती चोरलीस, नीट तरी वाजव!

आठ-आठ ठोक्यांनी तेच. बंद करावं तर बायका खाली बसतील, आणि अट तर उठण्याची होती. मी चालू ठेवलं. तिसऱ्या वेळेला आत्याबाईंनी टाळी देऊन ओरडायला सुरुवात केली, नीट तरी वाजव! मग सगळ्याच. नवरीसुद्धा. माझ्या पेट्यांवर इतक्या बायका आजवर कधीच नाचल्या नव्हत्या. फजिती माझी झाली आणि त्यातही नाव तिचंच झालं. हो, जळतो मी. लिहून ठेवतो, जळतो.

ताबू तेवढी हसली नाही.

रविवार, ३० जून
दुकान बंद. ताबूला म्हटलं, या धंद्यात सगळेच उचलतात. ती म्हणाली, उचललंत त्याचं मला काही नाही. मी विचारलं तेव्हा हो म्हणालात, त्याचं आहे. मग कपडे वाळत घालायला गेली.  

बुधवार, ३ जुलै
असुमिनी दुकानात आली. भांडेल म्हणून मी आधीच आवाज चढवून ठेवला होता. ती भांडलीच नाही. म्हणाली, काका, तुम्ही हळू केलीत ना, ती युक्ती लई भारी. म्हाताऱ्यांसाठी अशा चाली कोणी करतच नाही. कान टवकारले. म्हटलं, आता म्हणणार, आपण दोघं मिळून करू. म्हणाली, शनिवारी सकाळी मबुराहातीत लग्न आहे, तुमच्या पेट्यांसारख्या पेट्या कोणाकडे नाहीत, आणाल का? वाजवीन मी.

मी स्पष्ट सांगितलं, मी वाजवणारा माणूस आहे, हमाल नाही. फार तर विचार करीन, आणि विचाराला वेळ लागेल.

शनिवार, ६ जुलै
साडेसातलाच पेट्या लावून झाल्या. ती दहाला आली. म्हणाली, काका, डावी पेटी जरा मागे घ्या.

घेतली.