शंकरप्पा बसप्पा, एकच नोंद

५ जानेवारी २००५
सकाळी जाग आली ती पोरांच्या आवाजानं. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय आणि मागच्या बाकावरचा एक गळा ओळभर मागं रेंगाळतोय. शाळा सुटून किती वर्षं झाली, कानातून काही सुटत नाही. डोळे उघडले तर कागल एमआयडीसीतली नवी खोली, लख्ख ऊन आणि गुळाचा वास. म्हाताऱ्या मास्तराला आणखी काय हवं!

कंपनी गुऱ्हाळांचा गूळ गोळा करून परगावी पाठवते. मॅनेजर प्रभुलिंग माझा विद्यार्थी. म्हणाला, मास्तर, कुठनं किती गूळ कवा येणार ते कॉम्प्युटर आधीच सांगतोय की. पण जुन्या चोपड्या उतरवताना आत नोंदीच घाण भरल्यात, तर तो काय डोंबल सांगणार? आमच्या वह्या तांबड्या शाईनं रंगवायचा न्हवं, आता ह्या रंगवा. एकच माणूस दोनदा आला असेल तर जास्त भरलेली नोंद ठेवायची, दुसरी पुसायची.

९ जानेवारी
काम कवितेसारखंच. जादा शब्द काढला की ओळ कशी झळकते.

दुपारी शंकरप्पा बसप्पा नावाचा तरणाबांड गुऱ्हाळवाला काकवीची बरणी देऊन गेला. पावणं, खाऊन बघा, शुगर झाली तर माझ्या नावानं बोंबला, म्हणाला आणि गडगडून हसला. नंतर पाहतो तर त्याचं नाव यादीत दोनदा. तेच आडनाव, तेच गाव, तेच गुऱ्हाळ. एका नोंदीत कित्येक हंगाम, दुसरीत जेमतेम दोन. मोठी ठेवली, छोटी पुसली.

१४ जानेवारी
शंकरप्पाचा ट्रक आला. ढेपा अवजड, जाडजूड गोणपाटात शिवलेल्या. आकाराम हमाल म्हणाला, असल्या ढेपा माझा बा उचलायचा, आता कोण बांधतंय? ड्रायव्हर सांगत होता, फेटेवाल्या म्हाताऱ्यानं माल भरून दिला. शंकरप्पा दिसला नाही.

१७ जानेवारी
शंकरप्पाची बायको दानेश्वरी हिचा फोन. नोंदी मी बघतो म्हणून प्रभुलिंगनं नंबर दिला म्हणे. नवरा कोपऱ्यात बसून आहे, हाक मारली तर ओ देत नाही. त्याच्या ताटात अज्जा जेवतात. कुणाचे अज्जा, मी विचारलं. ह्यांचेच की, म्हणाली. ते वारले, मग ह्यांना त्यांचंच नाव ठेवलं. शंकरप्पाचा ल्योक बसप्पा, बसप्पाचा ल्योक शंकरप्पा. मास्तर, तुम्ही काय केलासा?

जन्मभर हजेरी घेतली मी. नातवाला आज्याचं नाव, हे मला कळू नये? मी जिवंत माणूस पुसला आणि मेलेला ठेवला.

१८ जानेवारी
प्रभुलिंगला सांगितलं. हसला. मास्तर, कविता जरा कमी वाचा, म्हणाला.

धाकट्याची नोंद पुन्हा भरायला घेतली. हे नाव आधीच आहे, असं पडद्यावर आलं. पुन्हा भरली. पुन्हा तेच.

दानेश्वरीचा फोन. त्याचे हात गार पडलेत. पोरगी कोपऱ्याकडं बघून म्हणते, तिथं कोण न्हाई.

१९ जानेवारी
म्हाताऱ्याची नोंद पुसली. धाकट्याची भरली. घेतली! मशीननं घेतली!

दुपारी फोन. दानेश्वरी रडत होती, हसत होती. ते उठले, भाकरी खाल्ली. अज्जा कुठं दिसत न्हाईत. खोलीत एकटाच मोठ्यानं कविता म्हणत बसलो.

२० जानेवारी
फोन. कुजबुज. नवरा तिला शिवगंगा म्हणून हाक मारतो. शिवगंगा अज्जाची बायको. ट्रॅक्टर बघून विचारतो, बैलं कुठं गेली? तोंड नवऱ्याचंच, पण— मग आमचे हे कुठं हाईत, मास्तर?

भरली होती मी, त्याचीच नोंद, पण नाव दोघांचं एकच—

२० जानेवारी, दुपार
दार वाजतंय. ती आली असेल—

नाही. फटीतून पाहिलं. शंकरप्पा. धाकटा. अनवाणी. ओठ निळे.

म्हणतो, घरात घेत न्हाईत. माझ्या जागी कोण तरी बसलंय. मास्तर, मला लिवा की.

ते नाव आता भरलंय, बाबा. दुसऱ्यांदा बसत नाही. आतूनच सांगितलं.



आता म्हणतोय, मग तुमचं द्या.

कडी लावलेली आहे. मी स्वतः लाव—