आर्मवरची तारीख

बाळ,

सूनबाई छकुलीला शाळेत सोडायला निघाली आणि जीप फाटकातच बसली. पुढचा खालचा आर्म, चाकाला सांगाड्याशी जोडणारा दांडा, तुटलाय. दोघी सुखरूप आहेत.

मोठ्या स्प्रिंगा घालून जीप उंच केल्यावर जुने आर्म टिकणार नाहीत, हे आपण दोघांनी मिळून वाचलं होतं. नव्या दोन्हींवर मी पुस्तकांवर घालतो तशी तारीख घातली होती. मिस्त्रीने काढलेल्या तुकड्यावर ती नव्हती. वाटलं, मीच विसरलो असेन. मग माझ्याच कपाटामागे दोन्ही नवे आर्म खोक्यात सापडले.

"बसवले, बाबा, आता घोर सोडा," म्हणाला होतास. मी सोडला.

ते घेऊन गॅरेजात गेलोय. बसवलेले बघूनच परतेन. जीप का मोडली, हे छकुली विचारते आहे. तूच सांग, मला जमणार नाही.

बाबा