दंडावरची चार बोटं

रविवार, २ जून

विहीणबाई त्सोंका,

देव तुम्हाला बरं ठेवो. तुम्ही मात्र आम्हाला बरं ठेवलं नाहीत. काझान्लक शहराच्या भर बसस्टँडवर माझ्या लेकाला, कामेनला, बायकोला मारणारा म्हणालात. आता मी पाव घ्यायला गेले की दुकानातल्या बाया गप्प होतात. नेवेनाला ओढून नेलंत, फोन उचलत नाहीत, म्हणून हे लिहून बसवाल्याबरोबर धाडते. मी चौथी शिकलेली, चुका पोटात घाला.

तिच्या दंडावर चार निळी बोटं होती, खरं आहे. बोटंही कामेनचीच. पहाटे गुलाबांची पोती खेचराच्या गाडीत चढवल्यावर त्याने तिला दंडाला धरून वर घेतलं. मी खालीच उभी होते. तेवढ्याने अंग निळं पडत नाही, हे मलाही कळतं. म्हणून तुम्ही गेल्यावर मी त्याला विचारलं, मारतोस का रे? त्याने पोतं खाली टाकलं आणि निघून गेला. दोन दिवस माझ्या हातचं जेवला नाही.

मग मला एकेक आठवायला लागलं. दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. हातावरचे ओरखडे दुपारपर्यंत वाहायचे. विचारलं तर म्हणायची, काटे आहेत, आई. मीही म्हणायचे, काटेच. मे महिन्यात आमच्या खोऱ्यात कुठल्या बाईचे हात धड असतात? गुलाब तोडणारीला काट्यापलीकडे सुचत नाही.

आता दुसरं. तिला फीट येते हे लग्नाआधी तुम्ही सांगितलं नाहीत. मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं. चुलीजवळ पडली, मी कुशीवर वळवलं. शुद्धीवर आल्यावर म्हटलं, पाय घसरला तुझा. गोळ्या ती पिठाच्या डब्यामागे लपवायची. मी डबा कधी हलवला नाही.

परवा हलवला. मागे गोळ्यांचं रिकामं खोकं होतं. ते घेऊन शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, सुनेबद्दल तिच्यामागे बोलणार नाही, औषधाबद्दल सांगते. या गोळीने काहींच्या अंगातल्या रक्त थांबवणाऱ्या पेशी कमी होतात. मग नुसतं घट्ट धरलं तरी निळं पडतं. मी म्हटलं, म्हणजे विषच की, आजच बंद करायला लावते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"अजिबात नाही. एकदम बंद केलीत तर मोठी फीट येईल, जिवावर बेतेल. आधी रक्त तपासू. मग गोळी कमी करू, नाहीतर हळूहळू बदलू. बहुतेकांचं रक्त पुन्हा ठीक होतं."

ऐकलंत? ठीक होतं. तेव्हा गोळी चालू ठेवा. अ‍ॅस्पिरिन देऊ नका. कुठूनही रक्त आलं आणि थांबेना, तर तडक दवाखाना गाठा.

माफी मला नको. कामेनची मागायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. तो हल्ली खेचराशीच बोलतो. तिच्या गुलाबांच्या ओळीत मी दुसऱ्या बाईला शिरू दिलं नाही, स्वतः फुलं तोडते. तिच्याइतका माझा हात चालत नाही, हे तिला सांगू नका. परत आली की गोळ्या जेवणाच्या टेबलावर राहतील, मिठाशेजारी, हे मात्र सांगा.

मंगळवारी सकाळी तिला रक्त तपासायला घेऊन या. मी दवाखान्याच्या दारात उभी असेन. उद्या संध्याकाळच्या बसने उत्तर हवं. हो असेल तरच लिहा. नाही असेल तर मंगळवारी मी तुमच्या दारात येते, आणि मी हळू बोलत नाही.

नेवेनाची सासू, अजूनही,
स्तोयना