त्याला शेवटचं गाणं आवडत नाही

डहाणू, रविवार, १९९१

आज वाणगावचा मुलगा मला बघायला आला. रेल्वेत आहे. बसल्या बसल्या म्हणाला, "मलाही रॉक आवडतं," आणि नेमका माझाच बँड सांगितला, अल्बमही माझाच. सांगताना त्याने दादाकडे का बघितलं? दादानेच पढवलं असणार. माझं लग्न जमवायची त्याला भारी घाई.

सगळे चिकूची वाडी बघायला गेले तेव्हा मी सरळ विचारलं, "त्यातलं न आवडणारं गाणं कोणतं?" आवडणारं काय, कुणीही शिकवून ठेवेल.

"शेवटचं," तो लगेच म्हणाला. "गिटार उगाच ताणलीय. झोप येते."

माझं सगळ्यात लाडकं गाणं! मी तावातावाने बोलत सुटले. "अहो, ड्रम्स तरी नीट ऐका," म्हटलं, तर म्हणतो, "तुम्हीच ऐका." आई आत आली तेव्हा दोघांचेही आवाज चढले होते.

ते दादाकडे बघणं अजून खटकतंय. पण मला चिडवायला दादा त्याला शिकवेल? शक्य नाही... बहुतेक.

ते गेल्यावर आईने विचारलं, "नकार कळवू ना?"

म्हटलं, "पुढच्या रविवारी बोलाव. भांडण अर्धंच राहिलंय."