बकासुराची चावी

सोमवार, ३ मार्च

कचऱ्याला कुलूप! सकाळी सहाला दुकानाच्या मागच्या दाराशी गेले, तर बकासुराच्या तोंडावर ही जाड साखळी. खोकी, सडकी फळं, कालचा ब्रेड — एकोणीस वर्षं जे टाकू ते चिरडून गिळत आलाय बिचारा. पहिल्या दिवशी ब्रेडवाल्या अक्काने ह्या कचरा दाबायच्या यंत्राला नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

आणि चावी कुणाच्या गळ्यात? माझ्या! मॅनेजर म्हणाले, "बाई, तुमच्याइतकं काटेकोर इथे कुणी नाही." आता टाकायचं ते आधी काट्यावर ठेवायचं, वजन वहीत लिहायचं, त्या-त्या विभागात किती उरलं त्याची गल्ल्यावरून निघालेली चिठ्ठी जोडायची, मग कुलूप उघडायचं. खोटं कशाला लिहू, छाती फुगली. घरी येईपर्यंत लाल नाडी गळ्यातच होती. ह्यांनी चहा पिता पिता बघितली आणि म्हणाले, "अरे वा! किल्लेदारीण!"

मंगळवार, ४ मार्च

जेवणाच्या सुट्टीत नुसता कालवा. मासळीवाले काका कुलुपाच्या बाजूने. "माझ्या आधीच्या दुकानात एकाचा हात गेला यंत्रात. टाकलेला डबा काढायला वाकला होता. कुलूप हवंच." ते सांगताना हातातला घास तसाच राहिला त्यांचा.

गल्ल्यावरची पोरगी काही ऐकेना. "हाताची काळजी असती तर जाळी बसवली असती. वजन कशाला करतायत? हाताचं?"

अक्का ब्रेडच्या काउंटरवरून पीठभरल्या हातानेच आली होती. "टाकायचंच आहे, तर कुणाच्या पोटात गेलं म्हणून कुणाचं काय अडलं?" मी म्हटलं, अक्का, नियम आहे. तर म्हणते, "आली मोठी चावीवाली!" सगळे हसले. मीही हसले. पण लागलं जरा.

शनिवार, ८ मार्च

ह्यांच्या पगाराला उशीर होतोय. छापखान्यात काम मंदावलंय म्हणतात. पण कँटीनमधला उरलेला ब्रेड वाटतात म्हणे, आठवड्यातून दोनदा आणतात. आणून लगेच डब्यात भरून ठेवतात, संध्याकाळी मी यायच्या आत टोस्ट तयार! लग्नाला बावीस वर्षं झाली, इतकी सेवा कधी झाली नव्हती.

मी म्हटलं, अगदी आमच्या दुकानातल्यासारखा लागतो. "सगळे ब्रेड सारखेच गं," म्हणाले. स्वतः एकच काप खाल्ला.

मंगळवार, ११ मार्च

ब्रेडचं वजन जुळत नाही. चिठ्ठीवर अठ्ठावीस, काट्यावर सत्तावीसचं वजन. शुक्रवारीही तसंच झालं होतं. एकेक मोजायला वेळ कुठे असतो? क्रेट काट्यावर ठेवायचा, आकडा लिहायचा, पुढचा क्रेट.

अक्काला विचारलं. म्हणाली, "काटा जुना झालाय बये, आपल्यासारखा." जे दिसलं ते लिहिलं. मी दुसरं काय लिहिणार?

शुक्रवार, १४ मार्च

पुन्हा एक कमी.

सोमवार, १७ मार्च

मुख्य कचेरीतून 'नुकसान नियंत्रण'चा माणूस आला. सारखा मान वळवून कोपऱ्यात बघतो, म्हणून दुपारपर्यंत नाव पडलं — मुंगूस. आवाज मात्र मऊ. माझी वही चाळली. "अक्षर सुरेख आहे तुमचं," म्हणाला. मग ब्रेडच्या पानावर थांबला. "काटा बिघडला असेल. सोडून देऊ."

सोडून देऊ! म्हणजे माझी वही चुकीची? मी सरळ म्हटलं, साहेब, काटा तपासून घ्या. मी लिहिलेलं खोटं ठरायला नको.

अक्का तिथेच ट्रे पुसत होती. पुसायची थांबली.

बुधवार, १९ मार्च

काटेवाला आला. वजनं ठेवून ठेवून बघितली. काटा चोख! मी मुंगसाकडे असं बघितलं की बघ, म्हटलं नव्हतं? आज परत एक ब्रेड कमी होता, तोही त्याच्यासमोर लिहिला.

घरी येऊन ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. मला वाटलं, हसतील. म्हणाले, "कशाला त्या भानगडीत पडतेस?" आणि पेपर तोंडासमोर धरला. कालचा पेपर होता.

शुक्रवार, २१ मार्च

रात्रभर एकच विचार. काटा बरोबर, माझं अक्षर बरोबर — मग ब्रेड कुठे जातो? ब्रेडला हात लावणारी दोनच माणसं. मी आणि अक्का.

हे मला सोमवारी कसं सुचलं नाही? मी इतकी कशी मूर्ख! काटा बिघडलाय म्हटलं असतं तर संपलं होतं. तो माणूस स्वतःच्या तोंडाने सोडून देऊ म्हणत होता.

सकाळी अक्काला भाजीच्या खोक्यांमागे गाठलं. "अक्का, तू नेतेस का? नेत असलीस तर थांबव. आजच." ती चिमट्यांवर तारखेचा शिक्का मारत बसली. आमच्याकडे ब्रेडच्या पिशवीला रोजची वेगळी चिमटी असते — सोमवारची निळी, मंगळवारची हिरवी, गुरुवारची पांढरी. जुना ब्रेड लांबूनच ओळखू येतो. अर्धी टोपली शिक्के मारून झाल्यावर म्हणाली, "अजून थोडे दिवस गं. मग लागणार नाही."

कुणाला लागणार नाही? अक्का एकटी राहते. तिला दातांमुळे ब्रेड चावतही नाही नीट.

मंगळवार, २५ मार्च

एक कमी. पेन हातात धरून उभी राहिले. अठ्ठावीसचं वजन लिहावं? मुंगूस मागेच उभा होता. खरं तेच लिहिलं.

बुधवार, २६ मार्च

आजही. सलग दोन दिवस! अक्का, अगं काय करतेस?

गुरुवार, २७ मार्च

अक्काला काढलं.

कॅमेऱ्यात सापडली. एप्रनखाली ब्रेड, मागचं दार, दोन मिनिटांत परत. मॅनेजरच्या खोलीत बोलावलं. साक्षीदार म्हणून मलाही, वही घेऊन. टेबलावर माझं सुरेख अक्षर उघडं पडलेलं.

मुंगूस म्हणाला, "कुणाला देत होता ते सांगा. ताकीद देऊन सोडता येईल. मी स्वतः लिहीन तसं." खरंच मनापासून म्हणाला, हे मान्य करायला हवं. मॅनेजर तर गयावया करत होते, "अक्का, सांगून टाका हो."

अक्का म्हणाली, "मी घेतला, एवढं लिहा."

"विकत होता का?"

"कालचा ब्रेड कोण विकत घेईल, साहेब?"

मग एकदाच वळून माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मला वाटलं, मी काहीतरी बोलावं म्हणून बघतेय. मी वहीकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांची मैत्रीण! माझ्या बाळंतपणात, मूल गेलं तेव्हा, आठ दिवस माझ्या उशाशी बसली होती ही बाई.

एप्रनची घडी घालून तो माझ्याच हातात दिला. "रडू नको. घरी जा, जेव वेळेवर." जाताना बकासुराच्या पत्र्यावर एक थाप मारली. काका टोपी काढून उभे राहिले. गल्ल्यावरची पोरगी माझ्याशी बोलत नाहीये.

चावी मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. त्यांनी परत माझ्याकडे सरकवली. "उद्या बघू, बाई." आणि मी परत गळ्यात घातली! का घातली?

ह्यांना सांगितलं. हे एकदम उठून मोरीत गेले. बराच वेळ नळ चालू होता.

शुक्रवार, २८ मार्च

ब्रेडचं वजन बरोबर भरलं. अठ्ठावीस. कुलूप उघडलं, सगळे आत टाकले, बटण दाबलं. कालचेच होते. मऊ होते अजून.

अक्काच्या घरी गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, बहिणीकडे गेल्यात, कधी येतील माहीत नाही.

शनिवार, २९ मार्च

साखरेची पिशवी फाटली, म्हणून रबर शोधायला ह्यांचा खण उघडला. ह्यांना दोरा-रबर काही टाकवत नाही. दोऱ्याच्या गुंड्याखाली चिमट्या. पांढरी, निळी, पांढरी, हिरवी, निळी, हिरवी. शिक्का अक्काचाच, आठ नेहमी वाकडा उमटायचा तिचा. ६, १०, १३, १८, २४, २५. प्रत्येक तारखेत एक दिवस मिळवला. माझी वही मला पाठ आहे.

हे दारात उभे होते. "छापखाना बंद होऊन सात आठवडे झाले," म्हणाले. "तुझ्या दुकानामागच्या गल्लीतल्या बाकावर बसायचो दिवसभर. अक्कांनी पाहिलं. मीच शपथ घातली होती, तुला कळता कामा नये म्हणून."

डब्यात दोन काप आहेत अजून. मंगळवारच्या ब्रेडचे.